हॅकरची पाळी आली की टेबल थंड पडतं? फासे राहू द्या, नकाशा बदला

तुमची पोस्ट वाचताना माझ्याच जुन्या वहीची पानं डोळ्यांसमोर आली. बड्या कंपन्यांच्या आणि हॅकरांच्या भविष्यातला, म्हणजे सायबरपंक प्रकारचा, टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग खेळ. पाच खेळाडू, नियम स्वतः लिहिलेले. हॅकर सिस्टिममध्ये शिरला की अर्धा तास तो आणि जीएम (खेळ चालवणारा गेम मास्टर) दोघंच बोलतात, उरलेले चौघं मोबाइल काढून बसतात. तुम्ही विचारलंय की दहा बाजूंचा एक फासा सोडून सहा बाजूंच्या फाशांची मूठ घेतली तर वेग येईल का. शेवटी तिसऱ्याच सेशनला (बैठकीला) सगळे श्रीमंत होतात त्याचं, आणि तुम्ही लिहिलेल्या चाळीस पानी जगाचंही विचारलंय. त्या दोन्हींवर येतो, पण आधी मुख्य दुखणं. हीच चूक मी दोन लांबलचक कॅम्पेनभर (अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टींत) जपून ठेवली होती, आणि माझ्या टेबलावरून जितके खेळाडू या एका चुकीने उठून गेले तितके बाकी सगळ्या चुकांनी मिळून गेले नाहीत.

फासे बदलून काही होणार नाही. दहा बाजूंच्या फाशावर 4 किंवा जास्त हवे असतील तर शक्यता 70 टक्के. सहा फाशांची मूठ, 5 किंवा 6 आला की यश, आणि दोन यशं हवीत, तर शक्यता साधारण 65 टक्के. हातात वेगळं वाटतं, टेबलावर तेच घडतं. तुमचा घोळ रोलच्या, म्हणजे फासे टाकण्याच्या, संख्येत आहे. तुम्ही दिलेल्या नमुन्यात सिस्टिमच्या पाच पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीवर तीन रोल: आत शिरा, लपा, काम करा. पंधरा रोल, प्रत्येकाला बोलणं-मोजणं धरून दोन मिनिटं. तुमचा अर्धा तास इथेच गेला.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे यात हॅकर बहुतेक वेळा हरतो. प्रत्येक रोलला 70 टक्के शक्यता असली तरी सलग पाच जमायची शक्यता 17 टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे चौघांना ताटकळत ठेवून पाचवा नापास होतो, आणि पुढच्या वेळी तो हॅकर घ्यायलाच नाही म्हणतो. यात खेळाडूचा दोष शोधू नका.

मुळातली चूक ही की नेटवर्कला आपण वेगळी जागा आणि वेगळं घड्याळ देतो. बाकीचे इमारतीत, हॅकर कुठल्यातरी दुसऱ्याच भुयारात. तिकडच्या तीन सेकंदांत वीस गोष्टी घडतात, इकडे कुणी पाऊलही उचलत नाही. जुन्या खेळांनी ही सवय लावली आणि आपण ती डोळे झाकून उचलली. नंतरच्या खेळांनी हे ओळखलं. शॅडोरन या खेळाच्या 2005 सालच्या चौथ्या आवृत्तीने वायरलेस आणून हॅकरला टीमबरोबर चालतं केलं. सायबरपंक रेड या खेळाने 2020 मध्ये नेटरनरला (तिथल्या हॅकरला) अ‍ॅक्सेस पॉइंटपासून, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या जागेपासून, 6 मीटरच्या आत उभं राहायला लावलं. माझ्या मते ही अंतराची मर्यादा हा या प्रकारच्या खेळांतला सगळ्यात उपयोगी एकओळी नियम आहे. तो नसला की शहाणा हॅकर व्हॅनमध्ये किंवा घरी बसून काम उरकतो. असला की त्याला सर्व्हर रूमच्या दारापर्यंत जिवंत न्यावं लागतं, म्हणजे इतरांना काम मिळतं.

आता दुरुस्ती. हे तीन ते पाच खेळाडूंच्या, समोरासमोर खेळणाऱ्या टेबलासाठी आहे. एकट्याने खेळायच्या किंवा मजकुरातून चालणाऱ्या खेळाला जसंच्या तसं लागू होईल असा माझा दावा नाही.

सिस्टिमचा वेगळा नकाशा फाडून टाका. इमारतीच्या नकाशावरच तीन ते पाच नोड (हॅक करायच्या जागा) काढा आणि प्रत्येक नोड हात लावता येईल अशा एखाद्या वस्तूला बांधा: कॅमेरे, लिफ्ट, दारं, दिवे, छतावरची बंदूक, नोंदी. ज्या नोडमुळे खोलीत काहीच बदलत नाही तो नोड काढून टाका. ‘फायरवॉलची दुसरी पातळी’ ही वस्तू नाही, तिथे कुणी लपू शकत नाही आणि तिच्यामुळे कुणाला गोळी चुकवता येत नाही.

एका पाळीत एक रोल, एक परिणाम. बंदूकवाल्याच्या पाळीला जितका वेळ लागतो तितकाच हॅकरच्या पाळीला लागला पाहिजे. परिणाम आधीच कार्डावर लिहून ठेवा, तोही इतरांच्या आकड्यांत. ‘दिवे बंद’ एवढं पुरत नाही. ‘दिवे बंद: पुढचे दोन राउंड गार्डना नेमबाजीला उणे 4, रात्री दिसणारे डोळे बसवलेत त्यांना काही नाही’ असं लिहा; राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी. ‘लिफ्ट: एक राउंडनंतर हव्या त्या मजल्यावर’, ‘कॅमेरे: तीन राउंड जुनं चित्र फिरत राहतं’. कार्ड वाचून बंदूकवालाच हॅकरला सांगायला लागतो की आधी दिवे घे. ते बोलणं सुरू झालं की मोबाइल आपोआप खाली जातात.

सायबरपंक रेडच्या नियमांवर खेळत असाल तर तिथे इंटरफेसच्या (हॅकरच्या कौशल्याच्या) रँकप्रमाणे पाळीला नेटवर्कमधल्या 2 ते 5 कृती, म्हणजे नेट अ‍ॅक्शन मिळतात. चौथ्या रँकला तीन म्हणजे तीन वेगळे रोल, आणि गाडी पुन्हा रुतते. मी एकच रोल घेतो आणि हव्या असलेल्या आकड्यापेक्षा किती फरकाने जमलं ते पाहतो: 0 ते 3 असेल तर एक परिणाम, 4 ते 6 दोन, 7 पासून पुढे तीन. हा हाऊस रूल आहे, पुस्तकातला नाही, आणि वरच्या रँकच्या नेटरनरला थोडा मारक आहे हे मान्य.

डेटा चोरण्यासारखं मोठं काम असेल तर चार घरांचं क्लॉक, म्हणजे घरं भरत जायचं वर्तुळ, काढा. यश मिळालं तर दोन घरं भरा. फसलं तर एक घर भरा आणि अलार्मचंही एक घर भरा. चांगल्या नशिबात दोन पाळ्या, वाईटात चार. काम अडत नाही, फक्त महाग पडतं.

अलार्म मात्र सगळ्या इमारतीला एकच. ही अट ढिली केलीत तर वरचं सगळं वाया गेलं म्हणून समजा. नेटवर्कचा वेगळा आणि गार्डांचा वेगळा अलार्म ठेवलात की दोन खेळ पुन्हा सुटे होतात. आठ घरांचं क्लॉक टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल एवढं मोठं काढा. फसलेलं हॅकिंग 1 घर, सायलेन्सरशिवाय झाडलेली गोळी 2, सापडलेलं प्रेत 2. दोन घरं भरली की कंट्रोल रूममध्ये कुणीतरी स्क्रीनकडे बघतं आणि पुढचं हॅकिंग कठीण होतं. चारला गार्ड जोडीने फिरतात. सहाला कंपनीचा स्वतःचा हॅकर येतो आणि दर राउंडला एक नोड परत घेतो. आठला दारं बंद, सशस्त्र पथक वाटेत. आता हॅकरच्या चुकीने बंदूकवाल्याचा जीव धोक्यात येतो आणि बंदूकवाल्याच्या घाईने हॅकरचं काम बिघडतं. टेबल एक झालं.

यातून एक नवी अडचण उभी राहते: हॅकर सगळंच हॅक करायला बघतो. शत्रूचे डोळे, हात, हृदय. हे मोकळं सोडलंत तर बाकीचे पुन्हा प्रेक्षक. माणसाच्या अंगात बसवलेलं यंत्र, म्हणजे इम्प्लांट, केबल लावल्याशिवाय हॅक होत नाही, असा सरळ नियम ठेवा. उलट बाजूही आहे. खेळाडूंचं सामान सहज हॅक होऊ लागलं की ते सगळं वायरलेस बंद करून बसतात. शॅडोरनच्या 2013 च्या पाचव्या आवृत्तीने यावर सामान ऑनलाइन ठेवणाऱ्याला बोनस दिला. मला तो मार्ग पटत नाही, कारण बंदुकीला नेटवर्क का लागतं याचं उत्तर प्रत्येक वस्तूपाशी शोधत बसावं लागतं. केबलचा नियम रुक्ष आहे, पण टिकतो.

‘पण खऱ्या हॅकिंगमध्ये असं नसतं’ हा शेरा तुमच्या पोस्टखालीही आलाय आणि तो वाचून मला मनापासून राग येतो. खरी सुरक्षा तपासणी आठवडेच्या आठवडे चालते आणि त्यातला बराच काळ वाट पाहण्यात जातो. खरी गोळी लागली तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो, ते मात्र कुणी खेळत नाही. हॅकरलाच तेवढी खरेपणाची शिक्षा का? त्या शेऱ्याकडे लक्ष देऊ नका.

पैशांचं थोडक्यात. तिसऱ्या सेशनला सगळे श्रीमंत होतात यामागे मोबदला जास्त हे कारण नसतं, महिना उलटत नाही हे असतं. तीन मोहिमा खेळाच्या जगात पाच दिवसांत उरकल्या तर भाडं कधीच द्यावं लागत नाही. नियम करा: प्रत्येक कामानंतर किमान दोन आठवडे जातात. जखमा भरायला तसाही वेळ लागतो. मग महिन्याचा खर्च एक एकक धरा, एका कामाचे माणशी 0.6 ते 0.75 एकक द्या, साधं इम्प्लांट एक एककाला ठेवा. महिन्यात दोन कामं केली तर हातात 0.2 ते 0.5 उरतं, म्हणजे दोन ते पाच महिन्यांनी एक इम्प्लांट. एखादं काम फसलं की उधारी. ती उधारीच पुढची मोहीम आणून देते, तुम्हाला गोष्ट शोधत बसावं लागत नाही. किमतींसाठी ठरलेल्या पायऱ्या वापरा. रेडमध्ये 10, 20, 50, 100, 500, 1000, 5000 अशा आहेत. वस्तू कुठल्या पायरीवर एवढंच ठरवायचं, यादी चाळणं बंद.

इम्प्लांटमुळे माणुसकी घटते हा नियम ठेवायचा का, यावर मी ठाम नाही. ठेवणार असाल तर गमावलेला हात किंवा डोळा परत मिळवणाऱ्या माणसाला त्याची किंमत मोजायला लावू नका. रेडमध्येही वैद्यकीय प्रतीच्या बदली अवयवांना माणुसकीची वजावट नाही, आणि तेच योग्य आहे. मला स्वतःला हप्त्यांचा नियम जास्त आवडतो: इम्प्लांट कंपनीचं, हप्ता चुकला तर हात लगेच बंद पडत नाही, कंपनी एक काम सांगते. हात बंद पाडलात तर खेळाडू एक सेशन नुसता बसून राहील, आणि त्यातूनच तर आपण बाहेर पडतोय.

चाळीस पानं कुणी वाचणार नाही. ती तुमच्यासाठी ठेवा, खेळाडूंना एक पान द्या. त्यावर तीन कंपन्या, प्रत्येकीपुढे तीन ओळी: काय विकते, कुणावाचून तिचं अडतं, चिडली की काय करते. एक गल्ली, तिच्यातली पाच माणसं नावानिशी. आणि दोन प्रश्नांची उत्तरं, जी बहुतेक जगांत लिहायची राहून जातात. पहिलं, पोलीस कधी येतात? हे राउंडमध्ये लिहा: श्रीमंत वस्तीत दहा राउंड, बाहेर वर्गणी भरलेल्यालाच. दुसरं, एवढे कॅमेरे असताना खेळाडू दुसऱ्या दिवशी पकडले का जात नाहीत? माझं उत्तर असं की चित्रण ही ज्या त्या कंपनीची मालमत्ता आहे आणि एक कंपनी दुसरीला ते फुकट देत नाही. म्हणजे पुरावा विकत घेता येतो, चोरताही येतो. एका वाक्यात तुमची दोन कामं तयार झाली.

जाता जाता: बेत आखण्यात दीड तास जात असेल तर ‘द स्प्रॉल’ या खेळाची पद्धत उचला. चौकशी करताना गडबड झाली की लेगवर्कचं (पूर्वतयारीचं) क्लॉक पुढे सरकतं आणि समोरचा सावध होतो, पण मिळालेली माहिती आणि सामान गुणांच्या रूपात जमा राहतं. हे सोबत आणलं होतं का, हे खेळाडूने ऐन वेळी ठरवायचं.

हे सगळं एकदम बसवू नका. पुढच्या सेशनला फक्त एक अलार्म, चार नोड आणि परिणामांची कार्डं एवढंच घ्या. घड्याळ लावून प्रत्येक खेळाडू सलग किती मिनिटं गप्प बसला ते टिपून ठेवा. सातच्या वर कुणी गेला तर कुठला नोड चालू होता ते इथे लिहा. बहुतेक वेळा त्या नोडचा खोलीशी संबंध तुटलेला असतो, आणि ते कार्ड आपण मिळून बदलू.