‘वर्किंग मेमरी’ला काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : मानसशास्त्रातल्या ‘वर्किंग मेमरी’ला मराठीत ‘कार्यकारी स्मृती’ म्हणावं, की सरळ ‘अल्पकालीन स्मृती’ म्हणून मोकळं व्हावं?

‘अल्पकालीन’ तर नकोच. तो ‘शॉर्ट टर्म मेमरी’साठी रुळला आहे, आणि दोन्हींत फरक आहे. ७-२-९-४ ऐकून तसंच म्हणून दाखवलंत, तर ते नुसतं धरून ठेवणं झालं. आता हेच उलटं म्हणा. आकडे निसटू न देता त्यांची फिरवाफिरवही करावी लागली ना? हे धरता धरता वापरणं म्हणजे वर्किंग मेमरी.

‘कार्यकारी’ची अडचण निराळी. कार्यकारी मंडळ, कार्यकारी अभियंता यांमुळे तो शब्द मराठीत ‘एक्झिक्युटिव्ह’ला जाऊन चिकटला आहे. आणि ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये केलेल्या वर्किंग मेमरीच्या मांडणीत लक्ष कुठे लावायचं हे पाहणारा एक ‘सेंट्रल एक्झिक्युटिव्ह’ आहेच. त्याच्या हाताखाली दोघं : एक ऐकलेलं मनात पुटपुटत ठेवणारा, दुसरा दिसलेलं आणि कुठे काय आहे ते सांभाळणारा. (२००० मध्ये बॅडलींनी आणखी एक भाग जोडला, तो असो.) म्हणजे ‘कार्यकारी स्मृतीतला मध्यवर्ती कार्यकारी’ असं लिहायची पाळी येणार! मी ‘कार्यरत स्मृती’ लिहितो.

पुटपुटणाऱ्याची गंमत अशी, की साधारण दोन सेकंदांत म्हणून होईल तेवढंच तो टिकवतो. म्हणून लांबलचक शब्दांची यादी आखूड शब्दांच्या यादीपेक्षा लवकर निसटते. यादी वाचताना तोंडाने ‘द द द’ म्हणत राहिलात, तर त्याचं तोंडच बंद होतं आणि आठवणारे शब्द आणखी घटतात.

पण या सगळ्यासाठी मराठीत एक फार नेमका शब्द आधीपासून आहे : हातचा. ४७ आणि ३८ तोंडी मिळवा. सात नि आठ पंधरा, हे पाठच असतं, दीर्घकालीन स्मृतीतून येतं. पंधराचे पाच, हातचा एक. चार नि तीन सात, नि हातचा एक, आठ. पंच्याऐंशी. दशकांची बेरीज चालू असताना ते पाच आणि तो एक कुठे होते? तिथेच. मध्येच कुणी हाक मारली, की जातो तो बहुधा हातचाच.

या स्मृतीत जागाही थोडीच. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास गोष्टी म्हटल्या होत्या; नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारपर्यंत खाली आणला. ‘गोष्ट’ म्हणजे सुटा आकडाच असं नाही. १-९-४-७ हे वर्ष म्हणून ओळखू आलं, की चारांचं एकच होतं.

मग ‘हातची स्मृती’च का नको? माझाही जीव त्यावर आहे. पण ‘हातची’ म्हटलं, की मराठी कानाला पुढे ‘गेली’ ऐकू येतं.