अंगठा तुटल्यावर पायाचं बोट हाताला लावून घ्यावं का? नंतर चालायला त्रास होतो का?

दादा, तुम्ही लिहिलंय की कंपनीत पॉवर प्रेसमध्ये उजव्या हाताचा अंगठा गेला, डॉक्टर म्हणतात पायाचं बोट काढून तिथे लावू, आणि आई म्हणते हात गेला तो गेला, आता धडधाकट पाय कशाला कापून घेतोस. मी हे ऑपरेशन करून घेतलंय, येत्या दिवाळीला पाच वर्षं होतील, म्हणून लिहिते. माझं मत करून घ्या असंच आहे. पायाची काळजी एवढी करू नका, पण ऑपरेशननंतरचं किमान अर्धं वर्ष हाताला देता येणार आहे का ते आधी घरात बसून ठरवा.

आम्ही संगमनेर तालुक्यातले, घरी चार गाई. कडबाकुट्टीत मका सारताना माझा उजवा अंगठा मुळाच्या पेराजवळून गेला. तुकडा पार चिरडलेला, त्यामुळे परत जोडता आला नाही. (कोणावर अशी वेळ आली तर तुटलेला भाग कधी थेट बर्फात टाकू नका, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं.)

पायाचं बोट लावायचा विषय डॉक्टरांनी तेव्हाच काढला होता, मी सरळ नाही म्हटलं. चार बोटं आहेत की, चालवून घेऊ. सात महिने चालवून बघितलं. डॉक्टर म्हणाले होते हाताचं चाळीस टक्के काम एकटा अंगठा करतो, ते मला गाईच्या कासेखाली बसल्यावर कळलं. धार मुठीने काढतात, आचळ वरून अंगठ्याने दाबून धरायचं आणि बोटं एकेक करून मिटत यायची, मग दूध खाली येतं. अंगठा नसला की वरची पकडच नाही, दूध मागे सरकतं, आचळ ओलं झालं की हातातून सटकतं, गाय वैतागून पाय झाडते. ब्लाऊजचे हूक, मुलीची वेणी, कुलपातली किल्ली, कोथिंबीर निवडणं, सगळं डाव्या हातावर आलं आणि तो हात रात्रभर ठणकायचा. शेवटी मीच परत गेले.

आता पायाचं. माझं डाव्या पायाचं दुसरं बोट घेतलं. आमच्याकडे यावरून मोठा वाद झाला कारण ते जोडव्याचं बोट, सासूबाई म्हणाल्या सवाशिणीचं बोट कापायचं म्हणजे काय. त्यांना वाईट वाटलं हे मला समजत होतं, मी रागावले नाही, पण ऐकलंही नाही. आता त्या पायात जोडवं तिसऱ्या बोटात घालते, कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण दोन बोटांमधली फट शिवून जवळ घेतात. पायाचा अंगठा पण लावतात, त्याला जोर जास्त मिळतो, दिसायलाही तो हाताच्या अंगठ्यासारखा दिसतो, पण चालताना आपण शेवटचा रेटा पायाच्या अंगठ्यावर देतो आणि चप्पलही त्याच्यावरच टिकते. मला शेतात चिखलात दिवसभर उभं राहायचं असतं म्हणून मी दुसरं बोट निवडलं. ते हातावर बारीक दिसतं, टोकाला थोडं वाकतं, नख चपटं आहे. मला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला जड वस्तू घट्ट धरायच्या असतील तर डॉक्टरांना दोन्हीचं विचारा, पायाचा अंगठा तासून बारीक करून लावायची पण पद्धत आहे. चालायचं म्हणाल तर सुरुवातीचे काही आठवडे टाचेवर चालले, जखम भरायला वेळ लागला, थंडीत अजून ती जागा ओढल्यासारखी होते. बाकी डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालते.

आमच्यावर प्रयोग करतायत का अशी पण भीती होती. माझ्या भाच्याने शोधून दाखवलं की अमेरिकेत डॉ. हॅरी बंके यांनी आधी माकडांवर हे केलं आणि इंग्लंडमध्ये डॉ. जॉन कॉबेट यांनी १९६८ साली माणसाच्या पायाचा अंगठा हाताला लावला. म्हणजे पन्नास वर्षांच्या वर झाली.

ऑपरेशन नऊ तास चाललं, एक टीम हातावर आणि एक पायावर. एक-दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली शिवतात, म्हणून हे काम रोज करणारा मायक्रोसर्जनच बघा, जवळ आहे म्हणून कुठेही करू नका. पहिले तीन-चार दिवस धाकधुकीचे. खोली गरम ठेवतात, एसी बंद, नर्स तासातासाला येऊन बोट दाबून बघते, पांढरं झालेलं परत गुलाबी किती वेळात होतं. निळं पडायला लागलं तर रात्री दोन वाजता पण परत थिएटरमध्ये नेतात. आणि तंबाखू पूर्ण बंद, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेलं बोट मरू शकतं. मी मिश्री लावायचे, वीस वर्षांची सवय. डॉक्टर म्हणाले मिश्री चालू असेल तर मी हात लावणार नाही. दीड महिना आधी सोडली. तुम्ही गुटखा, बिडी, काहीही घेत असाल तर आजच थांबा.

आणि मग ते महिने, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले. बोट जिवंत राहिलं म्हणजे अंगठा झाला असं नाही. स्पर्श कळवणारी नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तोपर्यंत ते हाताला चिकटवलेल्या लाकडासारखं असतं, भाजलं तरी कळत नाही, चुलीपाशी जपावं लागतं. दिवसातून पाच-सहा वेळा व्यायाम, पाण्यात हात बुडवून मिटायचा-उघडायचा, परातीतल्या तांदळातून एकेक चवळी चिमटीत उचलायची. पहिला महिनाभर मला एक चवळी उचलता आली नाही आणि मी रडायचे. चौथ्या महिन्यात मुंग्या यायला लागल्या. एका सकाळी सहज कासेला हात लावला आणि ऊब लागली, त्या बोटाला लागली, मी तशीच बसून राहिले, गाय मागे वळून बघायला लागली. मुठीने पूर्ण धार काढायला वर्ष लागलं. आमच्याच वॉर्डातल्या एकाने घाईघाईत कामावर जाऊन व्यायाम सोडला, त्याचं बोट आहे पण वाकत नाही.

तुमचा अपघात कंपनीतला आहे, म्हणजे ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असेल तर सुट्टीच्या काळात पगाराच्या ९० टक्के मिळतात, ते घ्या आणि व्यायामाला वेळ काढा. कायद्याच्या यादीत अंगठा गेला की कमाईची क्षमता ३० टक्के कमी धरतात, तळहातातल्या हाडासकट गेला असेल तर ४०, तेव्हा कागद नीट करून ठेवा. ईएसआय नसेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा महात्मा फुले योजनेत बसतं का.

एक मात्र तुम्ही लिहिलेलं नाही, अंगठा नक्की कुठून गेलाय. फक्त नखाचं पेर गेलं असेल तर बऱ्याच जणांचं तसंच भागतं, ऑपरेशनची गरज पडत नाही. मनगटाजवळचा सांधाच राहिला नसेल तर तर्जनी सरकवून अंगठ्याच्या जागी आणतात, त्यात पायाला हात लावावा लागत नाही, आईंना ते पटेल सुद्धा. एक्सरे बघून डॉक्टर काय म्हणाले आणि तुमचं कंपनीतलं काम नक्की कशा पकडीचं आहे ते लिहा, मी परत उत्तर देते.