वाहतुकीत जळालेली जुनी विलीज जीप वाचवता येते का?

तुमचं म्हणणं मला असं समजलं: आजोबांची १९६४ची सीजे थ्री-बी सांगलीहून पुण्याला ट्रेलरवर येत होती. साताऱ्याच्या पुढे ट्रेलरचं मागचं चाक पेटलं, अग्निशमनची गाडी येईपर्यंत जीपचा मागचा भाग जळाला. आता जीप यार्डात पडून आहे आणि जो तो 'भंगारात घाला' म्हणतोय.

घालू नका. निदान चेसिस तपासल्याशिवाय तरी नाहीच. जुन्या जीपांची कामं मी बरीच वर्षं करतोय आणि जळालेल्याही हाताखालून गेल्या आहेत. आग सगळीकडे सारखी लागत नाही. ती कुठे किती तापली हे गाडीच सांगते, फक्त वाचता आलं पाहिजे.

रेडिएटरचा डाख दोन-तीनशे अंशांतच वाहून जातो. कार्ब्युरेटरचं जस्ताचं ओतकाम चारशेच्या आसपास लोळागोळा होतं. ॲल्युमिनियम साडेसहाशेच्या सुमारास वितळतं, आणि तांब्याच्या तारेला गोळे आले असतील तर तिथे हजाराच्या वर गेलं समजा. तुमच्या फोटोत बोनेटवरच्या रंगाला नुसते फोड आलेत, काही ठिकाणी खालचा प्रायमर तसाच दिसतोय. म्हणजे इंजिन बहुतेक वाचलंय. बोनेट उघडून कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी बघा. दोन्ही शाबूत असतील तर ब्लॉकची चिंता फार करू नका. चिंता एकाच गोष्टीची: तापलेल्या बिडावर गार पाण्याचा झोत बसला असेल तर तडा जातो. तो एक्झॉस्टच्या बाजूला शोधा, कारण या हरिकेन इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच असतात. सुरू करायची घाई नको. प्लग काढून सिलिंडरांत थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग हँडलने हळूच फिरवून बघा.

आता सगळ्यात तातडीचं. आगीपेक्षा जास्त नुकसान त्यानंतरच्या आठवड्यात होतं. वायरींचं पीव्हीसी जळालं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि काजळीबरोबर पत्र्यावर बसते. कोणी पावडरचा अग्निशामक मारला असेल तर ती पावडरही ओल धरून लोखंड खाते. त्यात पावसाळा. रंग जळून उघडा पडलेला पत्रा एका रात्रीत लाल होतो. पण विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान पाहणारा) बघून जाईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून विमा कंपनीला आजच लेखी कळवा, सर्व बाजूंनी फोटो काढा आणि पाहणी झाली की धुण्याची परवानगी त्याच दिवशी लेखी मागून घ्या. तोवर वर ताडपत्री बांधा, पण खालून हवा खेळू द्या. परवानगी मिळाली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, हवेने सुकवा आणि उघड्या लोखंडावर ऑइलचा हात फिरवा.

फक्त ब्रेक ड्रम आणि क्लचला हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ छातीत जायला नको. जळालेल्या ऑइल सीलच्या चिकट अवशेषांनाही उघडा हात लावू नका. व्हायटॉन या खास रबराचं सील असेल तर ते तीनशेच्या वर तापल्यावर हायड्रोफ्लुओरिक आम्ल सोडतं, आणि ते कातडीतून आत उतरतं. जाड रबरी हातमोजे घाला. सीटखालची टाकी रिकामी वाटली तरी तिच्याजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर नको.

मागच्या बाजूला पाटे (लीफ स्प्रिंग), यू बोल्ट आणि बेअरिंग हे दिसायला चांगले असले तरी मी परत वापरत नाही. साधं पोलाद तापून गार झालं की ताकद बऱ्यापैकी परत येते, पण पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाचं तसं नाही, ते एकदा मऊ पडलं की पडलं. बेअरिंगच्या रिंगवर पिवळसर झाक दिसली तर ते २२०-२३० अंशांपर्यंत गेलेलं असतं, निळी दिसली तर तीनशेच्या आसपास. दोन्ही फेकायचे. पाटे ओरिजिनल राखायचे असतील तर चांगल्या पाटेवाल्याकडून पुन्हा कमान भरून, पाणी देऊन घेता येतात. डिफरन्शियलचं ऑइल काढून वास घ्या. करपट, काळं निघालं तर हाउसिंग पूर्ण खोलावं लागेल.

चेसिससाठी मोठ्या मशीनची गरज नाही. सपाट फरशीवर गाडी स्टँडवर घ्या, पाट्यांच्या हँगरच्या भोकांतून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. अर्ध्या सेंटिमीटरच्या आत फरक असेल तर मी ती चेसिस निर्धास्त ठेवेन. रिव्हेट मात्र एकेक ठोकून बघा, सैल रिव्हेटचा आवाज लगेच वेगळा येतो.

बॉडीबद्दल माझं मत ठाम आहे: अख्खा नवा टब (बॉडीचा पूर्ण सांगाडा) आणून बसवू नका. मागचे पॅनेल आणि फ्लोअर कापून तेवढेच नवे जोडा. महिंद्राने हे मॉडेल दशकानुदशकं काढलं, त्यामुळे पार्ट कुर्ल्याच्या बाजारात किंवा थेट हरियाणातल्या मंडी डबवालीला मिळतात. खर्च आणि वेळ जास्त जाईल, पण २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये बदल केले तर तो हक्क धोक्यात येतो.

आणि कागद. विमा कंपनी 'टोटल लॉस' म्हणेल आणि आरसी सरेंडर करायला सांगेल. तिथे सही करू नका. आरसी एकदा रद्द झाली की कितीही सुंदर केलेली जीप रस्त्यावर आणणं महाकठीण. सॅल्व्हेजची, म्हणजे जळालेल्या गाडीची उरलेली, किंमत वजा करून, आरसी तुमच्याकडेच राहील असा दावा मिटवायला सांगा. पैसे कमी मिळतील, मिळू देत. ट्रान्सपोर्टवाल्यालाही लेखी नोटीस द्या. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ प्रमाणे ती माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. बिल्टी, पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला, तिन्हींच्या प्रती जपा.

डेंटरकडे गाडी देण्याआधी चेसिसवर पंच केलेला नंबर स्वतः शोधा, मऊ ब्रशने काजळी काढा आणि कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीचाही फोटो काढा. त्या जागेवर सँडब्लास्टिंग किंवा ग्राइंडर चालवायचा नाही हे डेंटरला तोंडी नाही, जॉबकार्डावर लिहून द्या.

कार्ब्युरेटर, मागचे दोन्ही पाटे आणि चेसिसची आतली बाजू यांचे जवळून फोटो इथे टाका. खर्चाचा अंदाज त्यावरूनच सांगता येईल.