आधी सरांशी बोल, मग राजीनामा पाठव

तुझं पत्र वाचलं. पहिलीच नोकरी, अडीच वर्षं एकाच टीममध्ये, हाताला धरून काम शिकवणारे सर, आणि आता दुसरीकडची ऑफर. सरांसमोर उभं राहायचा धीर होत नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी निघताना राजीनामा ईमेल करून टाकावा का, असं तू विचारलं आहेस. तीन पानी मसुदाही जोडला आहेस.

नको. ज्यांनी तुला काम शिकवलं, त्यांना ही बातमी तुझ्या तोंडूनच कळायला हवी, आणि सगळ्यांच्या आधी. तोवर टीममधल्या जवळच्या मैत्रिणीलाही सांगू नकोस.

पण त्याही आधी तारखांचं बघ. नोटीस पिरियड, म्हणजे राजीनामा दिल्यावरही काम करावं लागतं तो काळ, दोन महिन्यांचा आहे आणि नवी कंपनी एका महिन्यात बोलावते आहे, हे तू शेवटच्या ओळीत उरकलं आहेस. मला तर सगळ्यात मोठी अडचण तीच दिसते. नव्या कंपनीच्या एचआरला आजच कळव की तुझ्या करारात दोन महिन्यांची नोटीस आहे, रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येईल का. बहुतेक ठिकाणी यासाठी थोडं थांबतात. तारीख बदलली तर ती लेखी घे, फोनवरच्या होकारावर राजीनामा देऊ नकोस. ते थांबायला तयार नसतील, तर लवकर मोकळं करण्याची विनंती सरांना करता येईल. शिल्लक रजा त्यात धरता येते का, किंवा उरलेल्या दिवसांचा पगार भरून सुटता येतं का, हे तुझ्या नेमणूकपत्रात बघ. मात्र न सांगता मधूनच जाणं बंद करायचं, हा पर्याय मनातही आणू नकोस. पुढच्या नोकरीत जुन्या ठिकाणी चौकशी होते, तेव्हा तेच आधी सांगितलं जातं.

आता सरांशी काय बोलायचं ते. वेळ मागून घे, दार लावून बस आणि पहिल्याच वाक्यात सांग: ‘सर, मी दुसरीकडे नोकरी स्वीकारली आहे, हे आधी तुम्हाला सांगायचं होतं.’ ‘मी जरा विचार करतेय’ अशी सुरुवात केलीस, तर ते तुझं मन वळवायला लागतील आणि तू अडकशील. ‘तिकडे किती देतायत?’ असं विचारलं तर आकडा सांगायलाच हवा असं नाही. पगार वाढवून देतो म्हणाले, तर तुझंच पत्र आठव: तुला डिझाइनचं काम करायचं आहे आणि इथे ते नाही. पगार वाढला म्हणून ते काम मिळणार नाही. कदाचित ते चिडतीलही. चांगल्या माणसाला अशा वेळी वाईट वाटतंच. वाद घालू नकोस, ऐकून घे.

तुझ्या मसुद्याचं दुसरं आणि तिसरं पान काढून टाक. अप्रेझलच्या, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाच्या वेळी तुझ्यावर अन्याय झाला, हे मला पटतं. पण राजीनाम्याचं पत्र फाइलमध्ये राहतं, आणि पुढे ते उघडणाऱ्याला त्यामागचं काहीच ठाऊक नसतं. एक्झिट इंटरव्ह्यूला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी बोलावते त्या मुलाखतीत, विचारलं तर एक-दोन उदाहरणं देऊन शांतपणे सांग. पत्रात एवढंच पुरे:

‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नोटीस पिरियडनुसार माझा शेवटचा दिवस अमुक तारीख असेल. तोपर्यंत माझ्याकडची सर्व कामं व्यवस्थित सोपवीन. इथे खूप शिकायला मिळालं, त्याबद्दल मनापासून आभार.’

नव्या कंपनीचं नाव नको, कारणही नको.

तुझा खरा नम्रपणा दिसेल तो नंतरच्या दोन महिन्यांत. प्रत्येक क्लायंटसाठी एक पान लिहून ठेव: काय ठरलंय, काय अडलंय, कोणत्या ईमेलला उत्तर द्यायचं राहिलंय, कोणाला फोनवर बोललेलं आवडतं. ही शेवटची गोष्ट कुठल्याच फाइलमध्ये नसते, ती तुलाच माहीत आहे. कंपनीच्या फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवू नकोस, नमुन्यादाखलसुद्धा.

शेवटच्या आठवड्यात रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र), अनुभवाचा दाखला आणि उरलेल्या रजेचा हिशेब लेखी माग. ऑफिसचं लॉगिन शेवटच्या दिवशीच बंद होऊ शकतं, म्हणून पगाराच्या स्लिपा आधीच डाउनलोड करून घे.