संकरित युद्ध (उघड लढाईऐवजी किंवा तिच्या जोडीला घातपात, अपप्रचार असे छुपे मार्ग वापरणं) : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रशियाविषयीच्या लेखांत ‘गेरासिमोव सिद्धांत’ हा उल्लेख सतत येतो. हा रशियाचा अधिकृत आराखडा आहे का?

नाही. रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख वालेरी गेरासिमोव यांचा एक लेख फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या लष्करी साप्ताहिकात आला. हल्ली युद्ध जाहीर न करताच सुरू होतं, बिगरलष्करी आणि लष्करी उपायांचं प्रमाण ४:१ असतं, अशी त्यातली मांडणी. उदाहरणं होती लिबिया आणि अरब देशांतल्या उठावांची. म्हणजे रोख पश्चिमेकडे होता. पण वर्षभरात रशियाने युक्रेनचा क्रायमिया हा प्रदेश बळकावला आणि तोच लेख रशियाची योजना म्हणून वाचला जाऊ लागला. ‘सिद्धांत’ हे बिरुद लावणारे ब्रिटिश अभ्यासक मार्क गॅलिओटी यांनी २०१८ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली, तरी ते बिरुद काही सुटलं नाही.

पण एवढ्यावरून रशिया निर्दोष ठरत नाही. २७ फेब्रुवारी २०१४ रोजी बिनचिन्हाच्या गणवेशातल्या सैनिकांनी क्रायमियाची राजधानी सिम्फेरोपोल इथलं विधिमंडळ ताब्यात घेतलं, तेव्हा मॉस्कोने कानावर हात ठेवले. एप्रिलमध्ये मात्र रशियन सैनिक तिथे होते हे पुतिन यांनीच कबूल केलं. खरी गफलत दोन्हीकडे सारखीच आहे: समोरच्याच्या प्रत्येक हालचालीमागे एकच सूत्रधार दिसतो. २००४ चं युक्रेनमधलं आंदोलन मॉस्कोच्या लेखी वॉशिंग्टनचंच काम होतं.

प्रश्न : समुद्राखालची केबल तुटली, तर तो घातपात हे कसं ठरवतात?

आधी वीज वा डेटा बंद पडल्याची नेमकी वेळ घेतात. त्या वेळी वर कोणतं जहाज होतं, त्याचा वेग अचानक घटला का, हे जहाजांच्या एआयएस (जहाजाचं ठिकाण आणि वेग आपोआप कळवणारी यंत्रणा) नोंदींवरून पाहतात. ही यंत्रणा बंद ठेवता येते, खोटं ठिकाणही दाखवू शकते, म्हणून रडारशी ताळा जुळवावाच लागतो. मग पाणबुडी रोबो तळावरचे ओरखडे तपासतो. २५ डिसेंबर २०२४ रोजी फिनलंड-एस्टोनियामधली ६५० मेगावॉटची ‘एस्टलिंक-२’ ही वीजकेबल तुटली, तेव्हा तळावर नांगर फरफटल्याची लांबच लांब खूण मिळाली आणि फिनलंडने ‘ईगल एस’ हा टँकर अडवला.

इथवर फक्त ‘कशाने तुटली’ हे कळतं. नांगर सोडला की निखळला, हे खलाशांच्या जबाबांवर आणि साखळीच्या अडकणीच्या तपासणीवर ठरतं. तिथेच बहुतेक प्रकरणं अडतात. हे प्रकरण तर त्याआधीच अडलं: तुटलेली जागा प्रादेशिक समुद्राबाहेर असल्याने आपल्याला अधिकारक्षेत्र नाही, असं म्हणत हेलसिंकीच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खटला निकाली काढला. नाटोने मात्र जानेवारी २०२५ मध्येच बाल्टिकमध्ये गस्त वाढवली होती.