तुतीचा नवा वाण: आधी काटा, मग अळी

प्रश्न: रेशीम अळ्यांसाठी एकरभर व्ही-१ वाणाची तुती आहे. कोणी जी-४ लावा म्हणतं, कोणी एस-१६३५. माझ्या रानात सरस कोणता, हे कसं ठरवू?

उत्तर: जुन्या व्ही-१ च्या शेजारी नवी रोपं लावून तुलना करू नका. मुळं खोल गेलेलं झाड जिंकणारच. तिन्ही वाणांची एकाच वयाची रोपं, व्ही-१ सुद्धा नव्याने, एकाच दिवशी लावा. ५×३×२ फूट जोडओळीत (दोन जोड्यांत ५, जोडीतल्या ओळींत ३, झाडांत २ फूट) ३६ झाडांचा एक वाफा, प्रत्येक वाणाचे तीन वाफे. एकूण ३२४ झाडं, अडीच गुंठ्यांत बसतात. उताराला आडवे तीन पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यात तिन्ही वाण हवेत. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर ओलाव्याच्या कडेला पडलेला वाण उगीच भाव खाऊन जातो.

खत, पाणी, छाटणी सगळ्यांना सारखं. पहिल्या वर्षीचे आकडे धरू नका. पुढे छाटणीनंतर साधारण ६० दिवसांनी, दव उडाल्यावर वजन घ्या. कडेची झाडं सोडून आतल्या १६ झाडांचाच पाला मोजा. त्याला ३४० ने गुणलं की एकरी अंदाज येतो. उन्हाळी आणि पावसाळी तोडा वेगळा लिहा.

पण नुसत्या वजनावर भाळू नका. प्रत्येक वाणाचा २०० ग्रॅम पाला सावलीत सहा तास ठेवून पुन्हा तोला. एकाचा १८० उरला आणि दुसऱ्याचा १६०, तर दुसरा ट्रेमध्ये लवकर सुकणार, अळ्या तो टाकणार.

शेवटची परीक्षा अळीची. एकाच खेपेच्या अंडीपुंजांतल्या, तिसरी कात टाकलेल्या प्रत्येकी १०० अळ्यांचे प्रत्येक वाणाला तीन गट करा. दिलेला पाला तोलून लिहा. कोष पक्के झाल्यावर कापून कवच तोला: १.८ ग्रॅमच्या कोषात ०.४ ग्रॅम कवच म्हणजे २२ टक्के. किलोभर कोषाला किती पाला लागला, यावर माझा सर्वांत जास्त भरवसा.

प्रश्न: फांदीसकट वजन चालेल का?

उत्तर: नाही. जाड काडीचा वाण काट्यावर भारी ठरतो, पण काडी अळी खात नाही. प्रत्येक वाफ्यातल्या पाच फांद्यांचा पाला ओरबाडून काडी वेगळी तोला आणि त्या प्रमाणात एकूण वजनातून वजावट करा.