"ती बाहुलीला सारखी टाकून देते, मॅडम"

दत्तक मुलांच्या पालकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. हुबेहूब बाळासारखी दिसणारी बाहुली आणलेली असते, मूल तिला सोफ्यामागे टाकून येतं, परत आणतं, परत टाकतं आणि आईबाबांच्या पोटात गोळा येतो.

एक साडेसहा वर्षांची मुलगी, दोन वर्षांची असताना या घरात आलेली. आत्याने तिला रिबॉर्न बाहुली, म्हणजे अगदी तान्ह्या बाळासारखी घडवलेली बाहुली दिली, एकेक केस रोवलेला, अंगात वजन भरलेलं, त्यामुळे उचलली की मान खरंच मागे कलंडते आणि आपला हात आपोआप डोक्याखाली जातो. सोबत त्या बाहुलीचं 'दत्तक प्रमाणपत्र' होतं. बरेच विक्रेते असं देतात, मला ते अजिबात पटत नाही.

माझ्याकडे समुपदेशनाला आल्यावर चार सेशन ती बाहुलीला फक्त टेबलाखाली ठेवत होती, मी काही न विचारता शेजारी जमिनीवर बसून राहिले. पाचव्या वेळी तो कागद घेऊन आली.

"आत्या म्हणाली, नाही आवडली तर परत करता येते."

"मग बाळाला काय वाटतं?"

"ते रडतच नाही. रडलं तर परत देतील ना."

आई "अगं, तुला कोण परत देणारे!" म्हणत उठायला लागली, मी हातानेच थांबवलं. विचारलं, "आणि त्याला आत्ता रडायचं असेल तर?" तिने बाहुली उचलून आईच्या मांडीवर ठेवली. आई थोपटत म्हणाली, "रड हं बाळा, मी इथेच आहे." बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मुलगी रडली, स्वतःसाठी.

घरात सगळे कौतुकाने सांगायचे, किती शहाणी आहे, कधी त्रास नाही. ते शहाणपण नव्हतं, भीती होती, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक विनिकॉट यांनी १९५१ मध्येच मांडलंय की मुलाच्या अशा जिवलग वस्तूला त्याचं प्रेमही सोसावं लागतं आणि रागही, मी त्याच विचाराची आहे.

म्हणून "बाळाला असं टाकतात का?" म्हणून ओरडू नका, बाहुली कपाटात बंद करू नका, आणि मूल तिला घाबरत असेल तर जबरदस्तीही नको. ते प्रमाणपत्र मात्र आधीच काढून ठेवा. टाकलेली बाहुली दिसली तर जवळ बसा, "ही कोणाची वाट बघतेय?" एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा, हे गप्प राहणंच पालकांना सगळ्यात जड जातं. आणि झोप उडाली, मूल स्वतःला इजा करायला लागलं तर मात्र थांबू नका, लगेच तज्ज्ञांना दाखवा.

परवा त्या आईचा फोन आला, हल्ली हट्ट करते, दारं आपटते म्हणून. मला फार बरं वाटलं.